सात महिने, सहा आकडे आणि राखाडी बुचाची नळी

प्रश्न : काकू, सप्रेम नमस्कार. मी तासगावजवळच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. वय ४४. गेल्या गणपतीत, रथाच्या दुसऱ्या दिवशी, एका मंडळानं मोफत शुगर तपासणी ठेवली होती. मी प्रसाद वाटत होते, तशीच बोट पुढं केलं. मशीनवर २१२ आले. तिथला मुलगा म्हणाला, "मावशी, शुगर आहे तुम्हाला." त्या रात्री मी जेवलेच नाही.

आठवड्यानं गावातल्या कलेक्शन सेंटरवर उपाशीपोटी रक्त दिलं. लाल टोपणाच्या नळीत घेतलं. सकाळी साडेआठला दिलं आणि त्यांचा मुलगा बारा वाजता मोटरसायकलवरून सांगलीला घेऊन गेला. उपाशी १०८, जेवणानंतर १६८. गावातले डॉक्टर म्हणाले, काही नाही, गोड कमी करा. मन लागेना म्हणून सांगलीला गेले. तिथं तीन महिन्यांची शुगर ६.७ आली, म्हणून गोळी सुरू झाली. त्याच वेळी हिमोग्लोबिन ७.९ निघालं, कारण माझी पाळी फार जाते. मग सलाईनमधून लोहाची पाच इंजेक्शनं झाली. दोन महिन्यांनी परत तीन महिन्यांची शुगर केली तर ५.८. दुसरे डॉक्टर म्हणाले, गोळी कशाला? आता मार्चमध्ये सांगलीला जाऊन उपाशी केली, ती ११९.

गोळी मी कधी घेते, कधी नाही. भात सोडलाय. सासूबाई म्हणतात, हिला नुसतं खूळ लागलंय. नवरा म्हणतो, कारल्याचा रस पी. कुणी हळदीकुंकवाला बोलावलं की चहा नको म्हणताना कारण काय सांगायचं, तेच कळत नाही. आहे म्हणू की नाही म्हणू? शुगर आहे हे कळलं असतं तरी एवढा त्रास झाला नसता. आणि हो, सध्या दुपारी बेदाणा निवडायला जाते. तिथं तोंडात पडतोच. चालतो का?
— एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर : काकू म्हणालीस, तर मीही 'तू'च म्हणते. पण आधी माझी पायरी सांगते. मी डॉक्टर नाही. एकतीस वर्षं मिरज आणि सांगलीच्या लॅबमध्ये लोकांच्या दंडाला पट्टा बांधून रक्त काढलं, नळ्या फिरवल्या, आकडे लिहिले. रोगाचं नाव तुझे डॉक्टर ठेवतील. मी फक्त तुझे आकडे कुठून आले ते बघणार आहे.

पत्र वाचून मी वहीच्या पानावर सहा आकडे मांडले आणि एकेक खोडत गेले.

२१२ आधी खोडला. तू प्रसाद वाटत होतीस. बोटाला गोड प्रसादाचा अंश असला आणि ते बोट तसंच टोचलं, तर मशीन तीही साखर मोजतं. साबणानं हात धुऊन, कोरडा करून टोचायला हवं होतं. आणि बोटाचं मशीन रोजची शुगर बघायला चांगलं असलं तरी त्यावरून मधुमेहाचं निदान ठरवत नाहीत. त्या मुलाचा दोष एवढाच की त्यानं "नीट तपासून घ्या" म्हणायच्या जागी "आहे" म्हटलं. त्या एका शब्दानं तुझं जेवण गेलं.

मग १०८. इथं जरा थांबते, कारण हा माझ्या पोटातला विषय आहे. रक्त नळीत घेतलं तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि त्या साखर खात राहतात. साध्या नळीत, खोलीतल्या हवेत ठेवलेल्या रक्तातली साखर तासाला पाच ते सात टक्के कमी होते, उन्हात त्याहून लवकर. तुझं रक्त साडेतीन तास सेंटरवरच बसून होतं, मग मोटरसायकलवरून गेलं. म्हणजे सकाळी १२८ असेल तर दुपारी १०८ दिसायला काहीच हरकत नाही. होतीच असं मी म्हणत नाही. पण तो १०८ धरून "काही नाही" म्हणणं धाडसाचं होतं. साखरेसाठी राखाडी बुचाची नळी असते. तिच्यात फ्लोराइड असतं, ते पेशींचं खाणं थांबवतं. पण तेही पूर्ण लागू व्हायला तास-दोन तास घेतं. म्हणून खरी खबरदारी म्हणजे रक्त काढल्याबरोबर बर्फात ठेवणं किंवा तिथल्या तिथं नळी मशीनमध्ये फिरवून पेशी वेगळ्या करणं.

हे मी शहाणपणानं शिकले नाही. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत एका शिबिराचे नमुने मी साध्या नळ्यांत भरून जीपमधून आणले होते. उन्हाळा होता, वाटेत गाडी पंक्चर झाली. सगळ्या शिबिरात कुणालाच मधुमेह निघाला नाही. त्यात माझे सासरे होते, त्यांचे १०४. चार महिन्यांनी पायाची जखम भरेना म्हणून दुसरीकडं रक्त दिलं तेव्हा १९० च्या वर. सासऱ्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही. तेव्हापासून राखाडी बूच दिसलं नाही की माझं डोकं फिरतं.

१६८ घरच्या जेवणानंतरची. तू एक भाकरी खाल्लीस की तीन, हे कागदावर लिहिलेलं नसतं. औषध चालू असणाऱ्याला ती उपयोगी पडते; निदानाला नाही.

आता ६.७ आणि ५.८. तुझा सगळा घोळ या दोघांत आहे. तीन महिन्यांची शुगर म्हणजे तांबड्या पेशींना चिकटलेली साखर. पेशी साधारण १२० दिवस जगते. जितकी जुनी, तितकी साखर जास्त चिकटते. लोह कमी पडलं की नव्या पेशी कमी बनतात, जुन्याच फिरत राहतात आणि हा आकडा उगाच चढतो. तुझं हिमोग्लोबिन तेव्हा ७.९ होतं, त्यामुळे ६.७ मध्ये खरी शुगर किती आणि पंडुरोग किती, हे कुणालाच सांगता येणार नाही. मग लोह मिळालं, कोवळ्या पेशींची भरती झाली आणि आकडा खाली आला. ५.८ ही तुझी शुगर उतरल्याची खूण नाही, तुझं रक्त भरत असल्याची आहे. एका डॉक्टरांनी गोळी दिली, दुसऱ्यांनी "कशाला" म्हटलं. दोघांनीही आपापल्या कागदाकडं बघून बरोबरच सांगितलं. कागदच गंडलेले होते.

राहिला मार्चचा ११९. तो सांगलीत, तिथल्या तिथं झाला. तेवढाच धरण्यासारखा, पण त्यालाही एक काटा आहे : त्या आठवड्यात गोळी घेतली होतीस की नव्हतीस? घेतली असशील तर तो आकडा गोळीनं खाली ओढलेला असेल.

उपाशीपोटी १०० च्या आत नॉर्मल, १०० ते १२५ मधली पायरी, १२६ पासून मधुमेह. मधल्या पायरीवर तू एकटी नाहीस. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी लोक निघाले, आणि मधल्या पायरीवरचे १३ कोटी ६० लाख. म्हणजे "आहे" आणि "नाही" यांच्यामध्ये जागा आहे आणि ती चांगली ऐसपैस आहे. हळदीकुंकवाला सांगायचं असेल तर "तपास चालू आहे, बिनसाखरेचा द्या" एवढं सांग. खोटं नाही त्यात.

आता काय करायचं? ग्लुकोज पिऊन करतात ती तपासणी मागून घे. सध्या तुझ्या रक्तात पेशींची उलथापालथ चालू आहे, आणि ही तपासणी त्यात अडकत नाही. ती अशी होते. रात्रीपासून आठ तास तरी उपाशी. उपाशी म्हणजे चहा नाही, आणि मिश्रीसुद्धा नाही. आपल्याकडच्या बायका "काही खाल्लं नाही" म्हणतात आणि तोंडात मिश्री असते, हे मी एकतीस वर्षं पाहिलंय. पहिलं रक्त घेतात, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाच मिनिटांत पाजतात. मेडिकलमधल्या पुड्यातलं ग्लुकोज बहुधा पाणी धरलेलं असतं, त्याचे ८२.५ ग्रॅम घ्यावे लागतात. लॅबवाल्याला हे माहीत आहे का, बघ. मळमळतं, थोडं लिंबू पिळायला सांग. उलटी झाली तर तपासणी रद्द, पुन्हा दुसऱ्या दिवशी. मग दोन तास एका जागी बसायचं. बाजारात चक्कर मारून यायची नाही. दोन तासांनी दुसरं रक्त. तिथं १४० च्या आत नॉर्मल, २०० आणि वर मधुमेह, मधलं मधलं. पहिलं १२६ किंवा वर आणि दुसरं २०० किंवा वर, दोन्ही आले तर तिथंच निदान झालं. एकच आलं तर दुसऱ्या दिवशी परत करून खात्री करतात.

आणि हे नीट वाच : आधीचे तीन दिवस पोटभर भाकरी-भात खायचा. भात सोडलेल्या माणसाचं शरीर अचानक आलेल्या ग्लुकोजनं गडबडतं आणि आकडा उगाच वर जातो. गोळी आधी किती दिवस बंद ठेवायची, ते डॉक्टरांना विचार. मनानं ठरवू नकोस. खिडकीवर एकच प्रश्न विचार, "नमुना इथंच तपासता की पाठवता?" पाठवतो म्हणाले तर सरळ सांगलीची पहिली एसटी धर. अंगणवाडीत मदतनीस बाई एक सकाळ सांभाळतील. तीन महिन्यांची शुगर मात्र हिमोग्लोबिन जागेवर येऊन तीन-चार महिने झाल्याशिवाय करू नकोस, पैसे वाया जातील. आणि पाळी एवढी का जाते, ते दाखवलंस का? तो कागद तू मला लिहिलाच नाहीस.

तोवर एक डॉक्टर, एक लॅब आणि एक वही. प्रत्येक आकड्यापुढं रक्त किती वाजता दिलं, शेवटचं कधी खाल्लं आणि गोळी घेतली की नाही, ते लिही. गोळी डॉक्टर सांगतील तशी, एक तर रोज, नाही तर बंद. अधूनमधून घेण्यानं औषध लागू पडत नाही आणि तपासणीही बिघडते. संध्याकाळी अर्धा तास भराभर चाल. हे आकड्याची वाट न बघता सुरू करता येतं आणि मधल्या पायरीवर त्याचा खराच फायदा होतो. कारल्याचा रस नवऱ्याला पाज.

मात्र सारखी तहान, रात्री चार-पाचदा उठणं, खाऊनही वजन उतरणं, यातलं काही सुरू झालं तर या तपासणीसाठी थांबू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांकडं जा. उलट्या, पोटदुखी किंवा धाप लागली तर रात्र असली तरी.

बेदाण्याचं : त्याच्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच असते. निवडताना तोंडात पडतो तो एक पडत नाही, दिवसभरात मूठ होते. शेडवर जाताना लवंग-बडीशेप तोंडात ठेव. तपासणीच्या आधीच्या तीन दिवसांत भाकरी-भात सासूबाई वाढतील तसा खा. मग मला दोन आकडे कळव, आणि गोळी शेवटची कधी घेतलीस ती तारीख.