लसींमधले अंतर आणि एकाच दिवशी दिलेल्या लसी

प्रश्न : माझी मुलगी पाच महिन्यांची आहे. सहाव्या आठवड्याच्या लसी वेळेवर झाल्या, परंतु त्यानंतर ती आजारी पडली आणि पुढचे डोस राहून गेले. आता डॉक्टर एकाच दिवशी तीन इंजेक्शने देऊ म्हणतात. एवढ्याशा जिवाला एकदम इतके सोसणार नाही, असे सासूबाईंना वाटते. लसी एकेक करून द्याव्यात का? आणि सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागेल का?

उत्तर : पहिल्यापासून काहीही सुरू करावे लागणार नाही. पहिल्या डोसाने शरीरात त्या रोगजंतूची ओळख पटलेल्या स्मृतिपेशी तयार होतात आणि त्या दोन-तीन महिन्यांच्या खंडाने नाहीशा होत नाहीत, म्हणून जिथे थांबलात तिथूनच पुढे जायचे असते. पालकांना नेहमी उशिराची धास्ती वाटते, पण लसीचा परिणाम खरोखर उणावतो तो डोस फार लवकर दिल्याने. बाळाच्या सुरुवातीच्या डोसांमध्ये किमान चार आठवड्यांचे अंतर राखले जाते, कारण आधीच्या डोसाचा प्रतिसाद परिपक्व होण्यापूर्वी पुढचा डोस दिला तर त्याचा पुरेसा उपयोग होत नाही. उशिराचा तोटा वेगळा आहे आणि तो मी कमी लेखणार नाही : मधल्या काळात मूल अपुऱ्या संरक्षणावर असते. डांग्या खोकला सर्वांत जिवावर बेततो तो पहिल्या काही महिन्यांतच, आणि तुमची मुलगी नेमकी त्याच वयात आहे.

म्हणूनच तीन इंजेक्शने तीन आठवड्यांत वाटून देण्याच्या मी विरुद्ध आहे. सासूबाईंची काळजी मायेपोटी आहे हे मला समजते. त्यांना एवढेच सांगा की बाळाचे शरीर जन्मल्या क्षणापासून त्वचेवर, श्वासात आणि दुधाबरोबर असंख्य जंतूंना तोंड देत असते आणि त्या मानाने लसींतून जाणारे घटक फारच थोडे असतात. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब (बाळांत मेंदूज्वर आणि न्यूमोनिया घडवणारा जिवाणू) या पाच रोगांवरची लस एकाच सुईतून दिली जाते, ती याच आधारावर. मात्र अशा एकत्रित लसी कारखान्यातच तपासून तयार झालेल्या असतात. दोन वेगळ्या लसी दवाखान्यात एका सिरिंजमध्ये कधीही मिसळत नाहीत.

देताना काय होते तेही पाहून ठेवा. या वयात सुई मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात देतात, कुल्ल्यावर नाही. एकाच मांडीत दोन सुया द्याव्या लागल्या तर त्यांत किमान अडीच सेंटिमीटरचे अंतर ठेवतात. कोणती लस कोणत्या मांडीत दिली हे कार्डावर लिहून घ्या, म्हणजे दुसऱ्या दिवशी एखाद्या जागी लाली किंवा गाठ दिसली तर ती कशामुळे आली हे कळेल. सर्वांत जास्त दुखणारी लस शेवटी द्यायला सांगा आणि सुई टोचताना बाळाला अंगावर पाजत राहा; त्याने वेदना खरोखरच कमी होतात.

रोटाव्हायरस या जुलाब घडवणाऱ्या विषाणूवरची, तोंडावाटे दिली जाणारी लस मात्र वयाच्या मर्यादेने बांधलेली असते. तिचे डोस राहिले असतील तर ते अजून देता येतील का, हे याच भेटीत विचारा.

प्रश्न : मुलाला गोवर, गालगुंड, रुबेलाची लस देऊन दहा दिवस झाले. आता कांजिण्यांची लस राहिल्याचे लक्षात आले. ती या आठवड्यात दिली तर चालेल का?

उत्तर : नाही, थांबावे लागेल. या दोन्ही लसींत क्षीण केलेले जिवंत विषाणू असतात. इंजेक्शनने द्यायच्या अशा दोन लसी एक तर एकाच दिवशी द्याव्यात, नाही तर त्यांत किमान २८ दिवसांचे अंतर ठेवावे. पहिल्या लसीने शरीरात विषाणूविरोधी प्रतिसाद चेतवलेला असतो आणि त्या काळात आलेल्या दुसऱ्या लसीतील विषाणूला आवश्यक तेवढे वाढताच येत नाही, त्यामुळे ती लस वाया जाण्याचा संभव असतो. चुकून मध्येच दिली गेली तर दुसरी लस किमान २८ दिवसांनी पुन्हा द्यावी लागते. निष्क्रिय लसींना, म्हणजे धनुर्वात किंवा इंजेक्शनने देण्याची पोलिओ यांना, जिवंत लसींच्या मागे-पुढे हा नियम लागू नाही. मुलाला अलीकडे रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन (प्रतिपिंडांचे, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या तयार प्रथिनांचे इंजेक्शन) दिले गेले असेल तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण अशा वेळी या दोन्ही लसी काही महिने पुढे ढकलाव्या लागतात.

एकत्र देण्याने कधीच काही फरक पडत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. एक ते दोन वर्षांच्या मुलांना पहिल्या डोसासाठी या चारही रोगांची एकच एकत्रित लस दिली, तर दोन वेगळ्या सुयांच्या तुलनेत साधारण २,३०० ते २,६०० मुलांमागे एकाला जादा तापातील झटका येतो. हे झटके बहुधा काही कायमचे मागे ठेवत नाहीत, तरी घरात कुणाला असे झटके आले असतील तर दोन वेगळ्या सुया मागून घ्याव्यात.

प्रश्न : सर्दी असताना लस द्यावी का? आणि ताप येऊ नये म्हणून आधीच पॅरासिटामॉल द्यावे का?

उत्तर : साधी सर्दी, खोकला किंवा किरकोळ ताप हे लस टाळण्याचे कारण नाही, मूल खरोखर आजारी असेल तरच ती काही दिवस पुढे ढकलावी. पॅरासिटामॉल सरसकट आधी देऊ नये. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चेक प्रजासत्ताकातील अभ्यासात, ते प्रतिबंधक म्हणून दिलेल्या बाळांत काही लसींची प्रतिपिंडे कमी आढळली. मेनिंगोकोकल ब या मेंदूज्वरावरच्या लसीबरोबर काही देशांत ते मुद्दाम देतात, तो अपवाद. एरवी ताप येऊन मूल अस्वस्थ झाले, तर वजनाप्रमाणे डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत द्यावे. गोवराच्या लसीचा ताप साधारण सातव्या ते बाराव्या दिवशी येतो हे लक्षात ठेवा, कारण तोवर लस विसरलेली असते. मूल सलग तीन तास थांबवता न येणारे रडले, झटका आला, किंवा चेहरा सुजून श्वास घेणे जड झाले, तर मात्र घरी वाट न पाहता तातडीने दवाखाना गाठावा.