वाचकांचे प्रश्न : पैसे पाठवले, मग पोचले का नाहीत?

योजनांचे पैसे, रेशन आणि रोजगार नोंदणी यांच्या ऑनलाइन व्यवस्थेबद्दल बरीच पत्रे आली. त्यांतल्या पाच पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आईला संजय गांधी निराधार योजनेचे दरमहा १५०० रुपये मिळायचे. काही महिन्यांपासून खात्यात काहीच जमा होत नाही. तहसील कार्यालय सांगते, पैसे पाठवले. बँक सांगते, आधार लिंक आहे, पण पैसे आलेले नाहीत. यातले खोटे कोण बोलते आहे? – एक वाचक, जालना जिल्हा

उत्तर : बहुधा कोणीच नाही. बँक ज्याला ‘आधार लिंक’ म्हणते, ती खात्याच्या केवायसीपुरती नोंद असते. थेट लाभाचे पैसे त्या नोंदीवर चालत नाहीत. ते चालतात राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या, म्हणजे एनपीसीआयच्या यादीवर. या यादीत खाते क्रमांक नसतोच. तिथे फक्त आधार क्रमांक आणि त्यासमोर एका बँकेचा क्रमांक असतो. एका आधारासमोर एकच बँक, आणि सर्वांत शेवटी ज्या बँकेने नोंद केली ती. पैसे त्या बँकेकडे जातात आणि कोणत्या खात्यात टाकायचे ते ती बँक आपल्या नोंदीवरून ठरवते.

आईंच्या नावावर पूर्वी कधी जनधन खाते काढले असेल, किंवा मोबाइलच्या दुकानात सिम घेताना अंगठा देऊन एखाद्या पेमेंट्स बँकेचे खाते उघडले गेले असेल, तर पैसे तिकडे गेलेले असू शकतात. २०१७ साली लाखो घरांच्या गॅस अनुदानाचे असेच झाले होते. लोक जुन्या बँकेचे पासबुक भरून घेत राहिले आणि अनुदान भलत्याच खात्यात साठत गेले.

म्हणून आधी तहसीलच्या संजय गांधी शाखेत एवढेच विचारा, की चालू महिन्याच्या देयकात आईंचे नाव आहे का. हयातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला वेळेत गेला नसेल तर नाव तिथेच थांबलेले असते आणि बँकेतले हेलपाटे वाया जातात. नाव असेल तर यादीतली बँक कोणती ते पाहा. साध्या फोनवरून *९९*९९*१# लावून आधार क्रमांक टाकला की कळते. मोबाइल क्रमांक आधारला जोडलेला असेल तर ‘माय आधार’ संकेतस्थळावर ओटीपीने शिरून बँक सीडिंगची, म्हणजे आधार कोणत्या बँकेशी जोडले आहे याची, स्थिती उघडा. तिथे बँकेचे नाव, स्थिती आणि शेवटच्या बदलाची तारीख दिसते. त्या पानाची छापील प्रत काढून ठेवा.

दुसरीच बँक दिसली तर आधी त्या बँकेत जाऊन शिल्लक तपासा, कारण थकलेले हप्ते तिथेच सापडण्याची शक्यता मोठी आहे. मग ज्या बँकेत पैसे हवे आहेत तिथे आधार सीडिंगचे संमतिपत्र भरा. त्यात आधीच्या बँकेचे नाव लिहायचा रकाना असतो, तो रिकामा सोडू नका. शिक्क्याची पोच घ्या आणि चार-पाच दिवसांनी स्थिती पुन्हा पाहा. एनपीसीआयच्या संकेतस्थळावर ही विनंती घरबसल्याही करता येते, पण ज्येष्ठांच्या बाबतीत शाखेत जाणेच बरे; अर्ज अडला तर कोणाला विचारायचे ते तरी माहीत असते.

स्थिती ‘निष्क्रिय’ दिसली तरी हेच संमतिपत्र भरायचे. बँक बरोबर असूनही पैसे नसतील तर त्याच बँकेत आईंचे दुसरे खाते आहे का ते विचारा. खाते गोठलेले असणे, केवायसी जुनी होणे, किंवा ते ‘छोटे खाते’ असून वर्षाला एक लाखाच्या जमेची मर्यादा ओलांडणे, हीही नेहमीची कारणे आहेत. दोन वर्षे व्यवहार नाही म्हणून खाते बंद केल्याचे बँकेने सांगितले, तर सरकारी लाभासाठी उघडलेले शून्य शिल्लकेचे खाते या कारणाने निष्क्रिय ठरवता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा १ एप्रिल २०२४ पासूनचा नियम दाखवा. पतसंस्थेचे खाते या कामी चालत नाही. ती बँक नव्हे.

नोंद दुरुस्त झाली की पुढचे हप्ते येऊ लागतात. परत गेलेले हप्ते मात्र आपोआप येतील असे धरून चालू नका. त्यासाठी तहसीलकडे वेगळा अर्ज द्या, सोबत ती छापील प्रत जोडा आणि कोणत्या महिन्यांचे पैसे परत गेले ते महिन्यांच्या नावांनिशी लिहा. ‘मागील सर्व थकबाकी मिळावी’ एवढाच अर्ज फायलीत पडून राहतो.

प्रश्न : आजोबांचा अंगठा रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्रावर लागत नाही. दुकानदार म्हणतो, धान्य देता येणार नाही. – एक वाचिका, सांगली

उत्तर : शिधापत्रिकेवर ज्यांची नावे आहेत त्यांपैकी कोणाचाही अंगठा चालतो, आजोबांचाच लागतो असे नाही. ते एकटेच असतील तर दहाही बोटे लावून पाहावीत. शेतात राबलेल्या हातांची अंगठा आणि तर्जनी झिजतात, पण अनामिका किंवा करंगळी बऱ्याचदा उमटते. बोट कोरडे असेल तर ओल्या फडक्याला टेकवून घ्या, घामट असेल तर पुसा, आणि यंत्राची काच पुसायला सांगा. पुष्कळ तक्रारींचे मूळ तिथेच असते. नाहीच जमले तर डोळ्याची बुबुळे किंवा ओटीपीने पडताळणी होते का ते दुकानात विचारा. घरात उचलायला कोणीच नसेल, तर तालुक्याच्या पुरवठा शाखेत नॉमिनी म्हणून शेजाऱ्याचे नाव नोंदवून घ्या.

कायमचा इलाज म्हणजे आधार केंद्रात बोटांचे ठसे नव्याने देणे. पण तोवर ‘अंगठा नाही, धान्य नाही’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. अंगठा न जुळल्याने लाभ नाकारू नये आणि अशा वेळी पर्यायी पद्धत वापरावी, असे आधार प्राधिकरणाने २४ ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट सांगितले आहे. दुकानदार ऐकत नसेल तर १९६७ वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या.

प्रश्न : आम्ही बीडहून ऊसतोडीला कोल्हापूरकडे आणि कधी बेळगावकडे जातो. म्हातारी माणसे गावी असतात. कार्ड गावचे, मग तिकडे धान्य मिळते का?

उत्तर : मिळते. ‘एक देश एक रेशन कार्ड’ची सोय राज्यातही आहे आणि कर्नाटकातही. कार्ड अंत्योदय किंवा प्राधान्य कुटुंबाचे हवे. केशरी कार्डावर अन्नसुरक्षेचा शिक्का नसेल तर परराज्यात काही मिळणार नाही. नवे कार्ड काढायचे नाही, जुने रद्द करायचे नाही. कार्डाचा बारा अंकी क्रमांक सांगून अंगठा द्यायचा. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदयला कुटुंबामागे ३५ किलो, हा हक्क तोच राहतो आणि धान्यही मोफतच.

गाठ पडते ती वाटणीत. टोळीवरच्यांनी महिन्याचे सगळे धान्य उचलले तर गावातल्या म्हाताऱ्यांच्या नावे शून्य दिसते. म्हणून दुकानात आपल्या माणसांपुरतेच किलो सांगून तेवढेच उचला. उरलेले गावी निघते. निघण्याआधी कार्डावरच्या प्रत्येकाची ई-केवायसी झालेली आहे ना ते पाहा, मुलांचीसुद्धा. अडचण आल्यास १४४४५ वर फोन करा.

प्रश्न : आमची संस्था बांधकाम मजुरांच्या याद्या एक्सेलमध्ये करून देते. बरेच अर्ज आणि पैसे ‘चुकीची माहिती’ म्हणून परत येतात. कागद तर तपासलेले असतात. – एक कार्यकर्ता, पिंपरी

उत्तर : कागद बरोबर असतात, चूक एक्सेलमध्ये घुसते. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच जपते. सोळा अंकी खाते क्रमांक टाकला की शेवटचा अंक गुपचूप शून्य होतो. सुरुवातीचे शून्यही उडते. रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून मगच क्रमांक भरा. नंतर टेक्स्ट केल्याने गेलेला अंक परत येत नाही, तो पासबुकावरूनच पुन्हा घ्यावा लागतो.

बँकेच्या शाखेचा आयएफएससी कोड ११ अक्षरांचा असतो आणि त्यातले पाचवे अक्षर नेहमी शून्य असते. तिथे इंग्रजी ‘ओ’ टाइप झालेला डोळ्यांना दिसत नाही, म्हणून सूत्र लावून तपासा. २०१९–२० मधल्या विलीनीकरणात देना, विजया, सिंडिकेट, कॉर्पोरेशन, आंध्रा, अलाहाबाद या बँका गेल्या. मजुराकडे जुने पासबुक असेल तर त्यावरचा कोड मेलेला आहे असेच समजा.

आधार क्रमांकाचा शेवटचा अंक हा तपासणी अंक असतो. तो आधीच्या अकरा अंकांवरून व्हेर्होफ पद्धतीने निघतो. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटले तर ही पद्धत चूक हमखास पकडते. यादीवर ही तपासणी चालवणारी छोटी आज्ञावली कोणताही संगणक शिकलेला मुलगा लिहून देईल. शिवाय आधार क्रमांक ० किंवा १ ने कधीच सुरू होत नाही.

नावांचा घोळ सर्वांत चिवट. नावात ‘श्री’, ‘सौ.’ घालू नका. आडनाव आधी की शेवटी, वडिलांचे नाव की नवऱ्याचे, हे आधारवर जसे आहे तसेच उतरवा; मतदार कार्डावरून घेऊ नका. जुन्या याद्या श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये असतील तर आधी युनिकोडमध्ये आणा, नाहीतर पोर्टलवर निव्वळ खुणा जातील. तारखांमध्ये दिवस आणि महिना उलटतात, त्यामुळे त्याही टेक्स्टच ठेवा.

आणि बांधकाम मंडळाच्या नोंदणीला ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो मागच्या १२ महिन्यांतलाच हवा. जुना दाखला स्कॅन करून चढवला की अर्ज परत येणारच. आधार असलेली यादी व्हॉट्सॲपच्या गटावर टाकण्याची सवय मात्र आजच सोडा.

प्रश्न : ‘महास्वयम’ या राज्याच्या रोजगार संकेतस्थळावर नोंदणी केली, ई-श्रम कार्डही आहे. नोकरीचे काहीच कळवत नाहीत. एका कंपनीने यूएएन (युनिव्हर्सल अकाउंट नंबर) मागितला, तर ई-श्रमवरचा दिला. तो चालला नाही. – एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन्ही क्रमांक बारा अंकी, दोघांनाही यूएएनच म्हणतात; ज्याने ही नावे ठेवली त्याने कधी कारखान्याच्या फाटकावर रांग लावली नसावी. कंपनीला हवा तो भविष्य निर्वाह निधीचा. तो आधी कुठे नोकरी केली असेल तर निघालेला असतो. तोच द्या, दुसरा काढू नका. पहिलीच नोकरी असेल तर उमंग ॲपवर चेहरा दाखवून काढता येतो. ई-श्रम ही असंघटित कामगारांची, १६ ते ५९ वयातल्यांची नोंद आहे.

‘महास्वयम’वरची नोंदणी म्हणजे रांगेत उभे राहणे नव्हे. जुन्या सेवायोजन कार्यालयाप्रमाणे ज्येष्ठतेने बोलावणे येईल, ही अपेक्षा सोडा. तिथे जिल्हा आणि शिक्षण निवडून प्रत्येक रिक्त जागेला स्वतः अर्ज करावा लागतो. नोंदणीनंतर मिळवलेले आयटीआय किंवा पदवीचे प्रमाणपत्र चढवलेले नसेल, तर शोध घेणाऱ्या कंपनीला तुम्ही बारावीच दिसता. २०२४ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत तर विद्यावेतनच शिक्षणावर ठरवले होते : बारावीला ६०००, आयटीआय-पदविकेला ८०००, पदवीला १०००० रुपये. ते पैसेही आधारवरूनच येतात. तेव्हा प्रशिक्षणाला रुजू होण्याआधी पहिल्या उत्तरातली बँकेची तपासणी करून घ्या आणि आस्थापनेने तुमची हजेरी दर महिन्याला ऑनलाइन भरली का, ते महिना संपताच विचारा.