फेब्रुवारीत सँटोरिनी: जा, पण शेवटची रात्र अथेन्समध्ये ठेवा

फेब्रुवारीत सगळं बंद असतं म्हणतात, मग चार दिवसांसाठी ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर जावं का आणि सासूबाईंच्या गुडघ्यांना झेपेल का, असं तुम्ही विचारलंय. मी हिवाळ्यात दोनदा जाऊन आले आहे. जरूर जा. मात्र मुक्काम 'फिरा' नावाच्या तिथल्या मुख्य गावात करा आणि अथेन्सहून परतीचं विमान असेल त्याच्या आदल्या दिवशीच बेट सोडा.

परतीचं आधी सांगते, कारण त्यातच माझे पैसे बुडाले. हिवाळ्यात एजियन समुद्रात वारा फार चढला की बोटी सोडायला मनाई होते. तिथले लोक या मनाईला 'अपागोरेफ्तिको' म्हणतात. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा बॅगा दाराशी आणून ठेवल्या होत्या. बोट दुसऱ्या दिवशी सुटली, तोवर पुढचं विमान निघून गेलं होतं. अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून बोटीला पाच ते आठ तास लागतात, अथेन्सहून विमान पाऊण तासात पोचवतं, पण वारा विमानालाही अडवू शकतो. म्हणून एक दिवस हाताशी ठेवाच.

फिराच का, तर हिवाळ्यातही तिथे माणसं राहतात. दुकानं, औषधं, जेवण मिळतं आणि बेटावरच्या बसगाड्या तिथूनच सुटतात. फोटोतलं इया गाव (ओइया असं लिहितात ते) या दिवसांत बरंचसं कुलूपबंद असतं. शिवाय कड्यावरच्या खोल्यांपर्यंत पायऱ्याच पायऱ्या. त्यातल्या गुहेसारख्या खोल्या ज्वालामुखीच्या राखेच्या थरात कोरलेल्या असतात. उन्हाळ्यात त्या गार राहतात, पण हिवाळ्यात भिंतींना ओल येते आणि अंथरूण दमट लागतं. बुकिंगआधी दोनच प्रश्न विचारा: खोली गरम करायची सोय काय आणि रस्त्यापासून दारापर्यंत पायऱ्या किती?

आता अक्रोतिरी. चार दिवसांत एकच ठिकाण बघायचं म्हटलं तर मी हेच सांगेन. सुमारे 3600 वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या महास्फोटात राखेखाली गाडलं गेलेलं हे शहर. 1967 साली पुरातत्त्वज्ञ स्पिरिडॉन मारिनातोस यांनी इथे पद्धतशीर उत्खनन सुरू केलं. सगळं छपराखाली आहे, त्यामुळे पाऊस असला तरी अडत नाही आणि बघायला बांधीव वाट आहे, सासूबाई सावकाश चालू शकतील. तिथल्या एका दगडी जिन्यापाशी थांबा. पायऱ्या मधोमध तडकल्या आहेत. स्फोटाआधी झालेल्या भूकंपाची ती खूण. माणसांचे सांगाडे घरांमध्ये सापडले नाहीत, म्हणजे लोक वेळीच निघून गेले असावेत. मोठे रांजण मात्र कोठारात जागच्या जागी उभे आहेत. मी त्या जिन्यासमोर पंधरा मिनिटं उभी होते, मागून कोणी पुढे ढकललं नाही. उन्हाळ्यात असं निवांत बघणं कठीण. मग फिरातल्या प्रागैतिहासिक संग्रहालयात जाऊन इथलीच भित्तिचित्रं बघा, निळी माकडं चुकवू नका.

बसमधून जाताना द्राक्षांचे मळे दिसतील. वेल मांडवावर चढवत नाहीत, वाऱ्यापासून वाचवायला जमिनीलगत टोपलीसारखी गुंडाळतात. फेब्रुवारीत पानं नसल्यामुळे ती वीण उघडी दिसते.

नेआ कामेनी या ज्वालामुखीच्या बेटावर जाणाऱ्या बोटींवर बेत बांधू नका, हवा बिघडली की त्या निघत नाहीत.

भूकंपाची भीती तुम्ही उल्लेखली नाहीत, तरी सांगते. 2025 च्या जानेवारी-फेब्रुवारीत इथे सतत धक्के बसत होते आणि हजारो लोक बेट सोडून गेले. उद्रेक झाला नाही, शेवटचा 1950 साली झाला होता. तरी निघायच्या आठवड्यात बातम्या बघा आणि पैसे परत मिळतील अशीच बुकिंगं करा.

फिरा ते इया ही सुमारे 10 किलोमीटरची पायवाट सुंदर आहे, पण सुटे दगड फार, पावसानंतर घसरतं. तुम्ही दोघं वाटेतल्या इमेरोविग्ली गावापर्यंत जाऊन या. तोवर सासूबाईंना फिरातल्या मोठ्या चर्चसमोर बसवा. तिथून खाली सगळा समुद्र आणि मधोमध काळं नेआ कामेनी दिसतं. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, त्याआधी परत या. आणि त्यांना शाल नाही, वारा अडवणारं जाड जाकीट द्या.