विंचूमाशी: विंचू नाही, मग माशी तरी आहे का?

दापोलीच्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलंय: पडवीच्या वाशाला मातीचं घर करणाऱ्या कुंभारमाशीच्या चित्राखाली एका मुलाने 'विंचूमाशी' लिहिलं, कारण ती डंख मारते. पण हा शब्द तर 'स्कॉर्पियनफ्लाय'साठी वापरतात ना? आणि तो किडा नेमका कुणाच्या गोतातला?

शब्द चांगला आहे, पण कुंभारमाशीसाठी नाही. कुंभारमाशी गांधीलमाशीच्या, म्हणजे मधमाश्या-मुंग्यांच्या गोतातली. तिची नांगी मुळात अंडी घालायची नळी, म्हणून डंख मारते ती मादीच. विंचूमाशीचं बरोबर उलट. तिथे नराच्या पोटाचं टोक फुगीर, बरेचदा तांबूस आणि वर वळलेलं असतं, इंगळीने नांगी उगारावी तसं. ते त्याचं जननेंद्रिय; मादीला धरायला त्याला चिमटे असतात. विष नाही, काटा नाही. मादीचं पोट साधं, निमुळतं.

विंचवाशी नातं या दिसण्यापुरतंच. विंचू आठ पायांचा, कोळी-गोचिडांचा भाऊबंद. ही सहा पायांची. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, कारण मादी पिल्लांना जन्म देऊन पाठीवर वागवते. विंचूमाशी ओल्या मातीत अंडी घालते. त्यातून सुरवंटासारखी अळी, मग कोश आणि मग पंखवाला किडा.

राहिली 'माशी'. आपली माशी ऐसपैस आहे, मधमाशी-गांधीलमाशीही तिच्यात मावतात. कीटकशास्त्रातली खरी माशी मात्र दोनच पंखांची. मागच्या जोडीच्या जागी नुसत्या बारीक मुठी. घरमाशी, चिलट, डास हे सगळे त्यात. विंचूमाशीला चार पंख, चारही जवळजवळ सारखे, लांबट, पुष्कळ जातींत ठिपक्यांचे. शिवाय तोंड चोचीसारखं खाली लांबलेलं. ओळखताना शेपटीआधी ही चोच पाहावी, ती नर-मादी दोघांनाही असते.

स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये तिला 'पॅनोर्पा' नाव दिलं, तेव्हा तिला चतुरांच्या पंक्तीला बसवलं होतं. आता तिचा गण वेगळा, 'मेकॉप्टेरा', म्हणजे ग्रीकमध्ये लांब पंखांचे. जगभरात सुमारे ६०० जाती, म्हणजे कीटकांत अगदी लहान घराणं. जवळचे नातलग मात्र खऱ्या माश्या आणि पिसवा! २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने तर पिसू याच गणात घातली. सगळ्यांना ते पटलेलं नाही, पण कुत्र्याच्या केसांतली बिनपंखी पिसू विंचूमाशीची सोयरी, हे मला फार विलक्षण वाटतं. 'माशी' हा शब्दही त्यामुळे अगदीच परका ठरत नाही.

अशी नावं आपल्याकडे आधीपासून आहेत. तळ्या-खाचरांतला पाणविंचू ढेकणाच्या गोतातला, आणि त्याचं शेपूट म्हणजे श्वासाची नळी. तरी त्याला पाणविंचूच म्हणतात. त्याच चालीवर 'विंचूमाशी' खुशाल वापरावं.

याच गणातलं एक कूळ पुढच्या पायांनी फांदीला लोंबकळतं आणि जवळून जाणारा किडा मागच्या पायांनी पकडतं. त्याला 'लटकी माशी' म्हणू नये, लटकी म्हणजे खोटी. मी 'लोंबती माशी' म्हणेन.