परिणाम चांगला झाला तरी कृती चुकीची असू शकते का? कर्तव्यवाद आणि बाकीच्या नीतीविचारांत फरक काय?

हो, असू शकते, कारण कर्तव्यवादात कृतीचं मोल परिणामावर नाही तर ती कोणत्या नियमानं आणि कोणत्या हेतूनं केली यावर ठरतं. आपल्या रावेरकडचा केळीचा व्यापारी घ्या, काटा एकदम चोख, पण का तर फसवलं की शेतकरी पुढच्या वेळी माल देणार नाही म्हणून, तर कर्तव्यवादाचा मुख्य तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट म्हणेल वागणं बरोबर पण त्याला नैतिक मोल नाही, फसवणं मुळातच चूक आहे एवढ्याचसाठी तो काटा मारत नसेल तरच मोल. हे मी एमेला कांटच्या मूळ पुस्तकात वाचलंय, १७८५ चं, त्यात कांटनं दुकानदाराचं असंच उदाहरण दिलंय, लहान पोरगं आलं तरी तोच भाव लावणारा. मिलसारखे उपयुक्ततावादी बघतात एकूण सगळ्यांचं सुख वाढलं का, आणि ॲरिस्टॉटलच्या बाजूचे विचारतील हा माणूस स्वभावानंच प्रामाणिक आहे का. मला कांट जवळचा वाटतो, कारण नुसता बेरजेचा हिशोब धरला तर एका कोरडवाहू शेतकऱ्याला बुडवून पन्नास जणांचं भलं दाखवता येतं आणि त्या एकाकडं कुणी बघतच नाही. फक्त एक, कांट फार टोकाला जातो, १७९७ च्या लेखात तो म्हणतो मित्राच्या जिवावर उठलेला दारात येऊन तो मित्र कुठंय असं विचारतोय तरी खोटं बोलायचं नाही, हे बऱ्याच कांटवाद्यांनाही पटत नाही.