छाटणीची परवानगी असली, म्हणजे कंत्राटदाराला झाड बोडकं करता येतं का?

तुमचा प्रश्न असा: सोसायटीने पावसाळ्याआधी रीतसर परवानगी काढली, पैसे भरले, आणि कंत्राटदाराच्या माणसांनी एका सकाळीत दोन गुलमोहर नि एक पर्जन्यवृक्ष (रेन ट्री) पार खराटे करून टाकले. जाब विचारला तर परवानगीचा कागद पुढे केला. हे नियमात बसतं का?

नाही बसत. महापालिकेच्या उद्यान विभागात माझी नोकरी झाली. एप्रिल-मे म्हटलं की उन्हातान्हात छाटणीवर देखरेख हेच काम असायचं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तो कागद काढून वाचा. छाटणीची परवानगी वेगळी, तोडीची वेगळी. तोडीसाठी झाडावर नोटीस लावावी लागते, वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते, लोकांच्या हरकती ऐकाव्या लागतात. तुमच्याकडे यातलं काही झालेलं दिसत नाही, म्हणजे तुमच्या कागदावर ‘छाटणी’च असणार. आता महाराष्ट्राचा 1975 चा नागरी क्षेत्रातल्या झाडांचा कायदा बघा. त्यात ‘झाड तोडणे’ या शब्दांत झाड जाळणं, कापणं आणि त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणं, हे सगळं येतं. बुंधा उभा आहे म्हणून कोणी सुटत नाही. शिवाय दर झाडामागे गुन्हा वेगळा धरला जातो. जीवितालाच तातडीचा धोका असेल तर आधी झाड पाडून 24 तासांत महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याला कळवायची सवलत आहे, पण ती खरोखरच्या संकटासाठी. ठरवून बोलावलेल्या छाटणीला ती लागू नाही.

मग कंत्राटदार असं का करतात? मी पाहिलेल्या कामांत कारण जवळजवळ नेहमी एकच. पालापाचोळा आणि बारीक डहाळ्या उचलायला गाडीचं भाडं खर्च होतं, जाड फांदी मात्र लाकूड म्हणून विकली जाते. वर चढलेल्या माणसाला खालून मुकादम ओरडून सांगतो, ‘ती मोठी घे’. चांगल्या छाटणीत बरोबर उलटं असतं: सुकलेलं, किडलेलं, एकमेकांवर घासणारं, तारांना किंवा खिडकीला लागणारं तेवढं काढायचं आणि मोठ्या फांद्यांना हात लावायचा नाही. पानोऱ्याचा चौथा हिस्सा गेला की थांबायचं. शेंडा छाटायचा नाही. शेंडा छाटल्यावर खाली जे धुमारे फुटतात त्यांची खोडाशी पकड वरवरची असते. दोन-तीन वर्षांत ते चांगले जाड होतात आणि वाऱ्याने तेच आधी निखळतात.

जाड फांदी काढावीच लागली तर तीन काप. पहिला खालून, खोडापासून हात-दीड हात सोडून, जाडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. दुसरा वरून, त्याच्या थोडा बाहेर. फांदी तिथे मोडून पडते आणि खोडाची साल सोलून नेत नाही. मग राहिलेला खुंट. फांदी जिथून निघते तिथे सालीची फुगीर वळी दिसते, बोटाने चाचपली तरी कळते. तिच्या अगदी बाहेरून तिसरा काप घ्यायचा. ती वळीच पुढे जखमेवर चढून जखम मिटवते. ती कापली तर भोक उघडं राहतं, पावसाचं पाणी आत मुरतं, आणि काही वर्षांनी पोकळ झालेलं झाड ‘अचानक’ पडतं. तुमच्या झाडांवर आज जाऊन एवढंच बघा. काप खोडाशी सपाट असेल किंवा खाली सालीची लांब पट्टी सोललेली असेल, तर काम निष्काळजीपणे झालं हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

एक पर्जन्यवृक्ष माझ्या मनातून जात नाही. तक्रार रस्त्याच्या बाजूच्या फांद्यांची होती, म्हणून कंत्राटदाराने फक्त तीच बाजू साफ केली. सगळा भार कुंपणाच्या बाजूला गेला, मुळं आधीच सिमेंटात गाडलेली. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात झाड मुळासकट कुंपणावर आडवं झालं. खाली कोणी सापडलं नाही, हे नशीब. त्या दिवशी मी दुसऱ्या साइटवर होतो, मी तिथे असायला हवं होतं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो: छाटणी सुरू होईल त्या सकाळी झाडाखाली उभे राहा. कुठली फांदी निघणार हे चढण्याआधी खडूने खूण करून घ्या. वरच्या माणसाला दोर आणि पट्टा आहे का, खाली दोरी बांधून रस्ता अडवलाय का, हेही बघा.

आणि घरटी. मुंबईत बगळे, रातबगळे मे-जूनपासून पर्जन्यवृक्षांवरही वसाहत करतात. 1972 च्या वन्यजीव कायद्यात पक्ष्यांची अंडी किंवा घरटी उद्ध्वस्त करणं हेही ‘शिकारी’च्या व्याख्येत येतं. घरटं दिसलं की काम थांबवून वृक्ष अधिकाऱ्याला कळवायचं.

आता तुमच्यापुरतं. तिन्ही झाडांचे फोटो चारही बाजूंनी काढा, कापांचे जवळून काढा, छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजून लिहा. छाटणीआधीचा एखादा फोटो कोणाच्या तरी मोबाइलमध्ये असतोच, सोसायटीच्या ग्रुपवर मागा. परवानगीची प्रत जोडून वॉर्डाच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. फोनवर तक्रार करून थांबू नका. जखमांना डांबर किंवा ऑइलपेंट फासू नका, ओल आत कोंडते. पाऊस सुरू होईपर्यंत बुंध्याभोवतीचं सिमेंट मीटरभर तरी फोडून पाणी द्या. धुमारे येऊ द्या, सध्या झाडाचं अन्न तेच बनवणार आहेत. पुढच्या वर्षी त्यातले जोमदार ठेवून बाकीचे विरळ करता येतील, फक्त त्या वेळी माणूस पारखून घ्या.