नगरपरिषदेत अग्नितपासणीसाठी माणसं किती आणि तरतूद किती मागायची?

भाऊ, तुमचं चाळीसेक हजार वस्तीचं तालुक्याचं गाव, एकच बंब, त्यावरची बहुतेक मुलं कंत्राटी, आणि येत्या अर्थसंकल्पात अग्नितपासणीसाठी किती तरतूद मागावी हा तुमचा प्रश्न. मी विदर्भातल्याच एका नगरपरिषदेच्या अग्निशमन विभागात नोकरी केली, त्यावरून सांगतो.

आधी आकडा मागू नका, आधी तपासायच्या जागांची यादी करून घ्या. जिनिंग-प्रेसिंग (कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारे कारखाने), दवाखाने, मंगल कार्यालयं, लॉज, कोचिंग क्लास, वसतिगृहं, गॅसची गोदामं. सरकारी इमारती यातून हमखास सुटतात, कारण त्यांच्याकडे जायला कोणी धजत नाही. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. ती इमारत सरकारीच होती. म्हणून ग्रामीण रुग्णालय आणि वसतिगृहं यादीत सगळ्यात वर लिहा.

आता हिशोब. समजा ४०० जागा निघाल्या. त्यातल्या १०० धोक्याच्या, त्या वर्षातून दोनदा, उरलेल्या एकदा. या झाल्या ५०० भेटी. निम्म्या भेटींत त्रुटी निघतातच, तिथं परत जावं लागतं, म्हणजे ७५०. जाणं-येणं, पाहणी, नोटीस, फाईल मिळून एका भेटीला तीन तास धरा: २,२५० तास. सुट्ट्या, रजा, प्रशिक्षण वजा जाता एका माणसाचे २२० दिवस हाती लागतात आणि कार्यालयातली कामं सोडून दिवसाला पाच तास, म्हणजे वर्षाला ११०० तास. साधारण दोन माणसं लागतात. त्यातली परत जाण्याची भेट कोणी धरतच नाही, आणि खरं काम तीच करते. पहिल्या भेटीत मालक फक्त ऐकून घेतो.

सभेत कोणी म्हणेल, राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार मालकच जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र देतो, मग माणसं कशाला? प्रमाणपत्र आलं की नाही हे कोणीतरी पाहायला नको? आणि हायड्रंटला, म्हणजे आग विझवायच्या नळाला, खरंच पाणी येतं का, हे व्हॉल्व्ह उघडल्याशिवाय कळत नाही.

ही दोन माणसं बंबावरून काढू नका. उन्हाळ्यात गोठे, कुटाराच्या गंज्या पेटायला लागल्या की तपासणी बंदच पडते. शिवाय नोटिशीवर सही करणारा नियमित सेवेतला हवा. ज्या पोराची नोकरी ठेकेदाराच्या मर्जीवर आहे, त्याला जिनिंगमालकासमोर उभं करणं अन्याय आहे.

वेळापत्रकही आपल्या पिकाप्रमाणं लावा. दसरा-दिवाळीनंतर कापूस येतो. कपाशीतून लोखंडाचा तुकडा किंवा गोटा यंत्रात गेला की ठिणगी पडते आणि हवेच्या पाइपातून थेट रुईच्या ढिगात पोचते. म्हणून जिनिंगच्या टाक्या, पंप, वायरिंग सप्टेंबरमध्येच पाहून झालं पाहिजे. गाठी रचल्यावर दिलेली नोटीस उशिराची.

पैशात मोठा भाग पगाराचाच. त्याखाली दुचाकीचं पेट्रोल, छपाई, टपाल आणि प्रशिक्षण. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय नागपुरातच आहे, तेव्हा प्रशिक्षणाची रक्कम कापू देऊ नका. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून केंद्रानं २०२३ मध्ये अग्निशमन सेवांसाठी २०२५-२६ पर्यंतची ५,००० कोटींची योजना आणली, पण तिचा रोख केंद्रं, वाहनं, साहित्य यांवर होता. तपासनिसाचा पगार तिच्यात शोधू नका. तो इमारत परवानगीच्या शुल्कावरही टांगू नका. बांधकामं थंडावली की पहिली गदा त्याच पदावर येते.

तरतूद वेगळ्या शीर्षाखाली दाखवा, 'आकस्मिक खर्चा'त नाही. आणि ठरावात एक ओळ टाकून घ्या: दर तीन महिन्यांनी मुख्याधिकारी सभेपुढं दिलेल्या नोटिसा, पूर्तता झालेल्या आणि थकलेल्या, तारखांसह ठेवतील.